वर्ष नसलेल्या निमंत्रणपत्रिका

‘मंगळवार, ७ जानेवारी, सायंकाळी ५ वाजता.’ जहांगीर आर्ट गॅलरीतल्या एका चित्रप्रदर्शनाची ही इंग्रजीत छापलेली पत्रिका. चित्रकाराचं नाव आहे, उद्घाटकाचं आहे, गॅलरीचा पत्ता आणि फोन नंबर आहे. वर्ष मात्र कुठेच नाही. छापणाऱ्याला त्याची गरज वाटली नसणार. बोलावणं पुढच्या आठवड्याचं, त्यात वर्ष कशाला सांगायचं? माझ्याकडच्या बहुतेक जुन्या पत्रिकांचं हेच आहे आणि संग्रहावर बसते तेव्हा माझा बराच वेळ या न छापलेल्या वर्षांच्या मागे जातो.

या पत्रिकेचं वर्ष असं सापडलं. १९७५पासून बघितलं तर ७ जानेवारीला मंगळवार आला तो १९७५, १९८६, १९९२, १९९७, २००३, २०१४, २०२० आणि २०२५ साली. पत्त्यात ‘मुंबई’ आहे. इंग्रजी मजकुरात ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ अधिकृतपणे आलं ते १९९५मध्ये, म्हणजे पहिली तीन वर्षं बाद. फोन नंबर सात आकडी आहे. मुंबईचे नंबर २००२मध्ये आधी २ लागून आठ आकडी झाले, म्हणजे २००३ आणि पुढचंही सगळं बाद. उरलं १९९७. तरी मी ते लगेच पक्कं मानलं नाही. त्याच चित्रकाराचं नंतरच्या एका प्रदर्शनाचं फोल्डर मिळालं, त्यात मागे ‘एकल प्रदर्शने’ या यादीत १९९७, जहांगीर असं स्पष्ट होतं. मग नोंद पक्की केली. हे उलटं चालत नाही, हेही सांगायला हवं. पत्त्यात ‘बॉम्बे’ असलं म्हणून कागद १९९५च्या आधीचाच असेल असं नाही. सवयीने लोक पुढेही कितीतरी दिवस तेच छापत होते.

मी फोर्टात नोकरी करायचे. डबा लवकर संपवला की जेवणाच्या सुट्टीत काळा घोडा गाठता यायचा. जहांगीर १९५२पासून तिथे आहे, आत जायला तिकीट नाही आणि प्रदर्शनं आठवड्याने बदलतात. दारापाशी टेबलावर फोल्डरची चवड असते, शेजारी अभिप्रायाची वही. फोल्डर म्हणजे आर्ट पेपरची, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदाची, एक घडी: वर एक चित्र, आत चित्रकाराचा फोटो, कुणा समीक्षकाचे दोन परिच्छेद, मागे शिक्षण, पुरस्कार, आधीची प्रदर्शनं, चित्रं कुणाकुणाच्या संग्रहात आहेत त्यांची नावं आणि घरचा पत्ता. हे फोल्डर बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच्या खर्चाने छापून घेतो. गॅलरीसाठी कित्येक वर्षं थांबायचं, मग चौकटी, टेम्पो आणि हे फोल्डर. नांदेडहून, चिपळूणहून, सोलापूरहून आलेला माणूस आठवडाभर तिथे खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याच्या हातात ते देतो. ते हातात घेऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकणं मला जमेना. संग्रहाची सुरुवात तिथून झाली.

पुढे त्यात म्युझियमचे कागद येत गेले. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचं मुंबईतलं दालन १९९६मध्ये सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये सुरू झालं, जहांगीरहून चालत दोन मिनिटांवर. तिथली निमंत्रणं हिंदी-इंग्रजीत, वर सरकारी बोधचिन्ह. भायखळ्याला राणीच्या बागेच्या दारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दुरुस्तीनंतर २००८मध्ये उघडलं आणि तिथे आजचे कलावंत येऊ लागले. सुदर्शन शेट्टी, जितिश कलाट, अतुल दोडिया यांची कामं तिथल्या जुन्या काचेच्या कपाटांमध्ये, मातीच्या बाहुल्यांच्या आणि हस्तिदंती वस्तूंच्या शेजारी मांडली गेली. अशा मांडणीत सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कलाकृतींची यादी. एक साधं झेरॉक्स केलेलं पान, दालनाचा आराखडा आणि त्यावर आकडे. कुठली वस्तू एकोणिसाव्या शतकातली आणि कुठली परवा आणून ठेवलेली, हे त्या पानावरूनच कळतं. प्रदर्शन उतरलं, वस्तू हलल्या, की फोटो पाहूनही ते सांगता येत नाही.

आणि नेमकं हेच पान सहसा परत मागतात. कॅटलॉग विकत मिळतो, पत्रिका हव्या तेवढ्या मिळतात, पण यादीचं पान प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून दाराशी अडकवलेलं असतं, पाहून झालं की जागेवर ठेवा. ते मिळवायचा माझा मार्ग सरळ आहे: शेवटच्या दिवशी संध्याकाळी जायचं आणि विचारायचं. एकदा एका दालनात बंद व्हायच्या वेळी सुरक्षारक्षकांना म्हटलं, “दादा, हे पान उद्या लागणार नाही ना तुम्हाला?” ते म्हणाले, “न्या ना ताई. उद्या सकाळी सगळं रद्दीतच जायचंय.” मग स्वतःच आत गेले आणि टेबलाच्या खणातून उद्घाटनाच्या दिवशीची किमतींची यादीही काढून आणली, कोपऱ्यात पिन केलेली, काही आकड्यांपुढे पेनाने लाल ठिपके. कुठली चित्रं विकली गेली ते त्या ठिपक्यांवरून कळतं. हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये छापून येणार नाही.

न विचारता मी काही उचलत नाही. शक्य असेल तेव्हा दोन प्रती घेते, एक जपायला आणि एक हाताळायला. कागद हातात आला त्याच दिवशी कुठे, कधी, कुणाकडून मिळाला ते लिहून ठेवते. गुळगुळीत आर्ट पेपरवर साधी पेन्सिल उमटत नाही, सहा बीसारखी मऊ चालते, तीही मागच्या बाजूला कोपऱ्यात. त्याहून बरी म्हणजे वेगळी चिठ्ठी, कागदासोबत ठेवलेली. पेनाने कधीच नाही.

टपालाने आलेली पत्रिका असेल तर पाकीट फेकायचं नाही, हे मी भेटेल त्याला सांगते. पत्रिका बुक पोस्टाने यायच्या, पाकीट उघडं, कमी दराचं तिकीट. त्या तिकिटावर टपालाचा शिक्का असतो आणि शिक्क्यात वर्ष असतं. आत छापलेलं नसलेलं वर्ष बाहेर मिळतं. पाकिटावरचा पत्ताही बोलतो: कुठल्या समीक्षकाला बोलावलं, कुठल्या शाळेतल्या चित्रकला शिक्षकाला. त्या वर्तुळात कोण होतं, याचा एवढा थेट पुरावा दुसरा नाही.

लोक विचारतात, चित्रं सोडून कागदांत काय आहे? १९९२मध्ये हुसेन यांनी जहांगीरमध्ये ‘श्वेतांबरी’ केलं. भिंतींवर चित्रं नाहीत. दालनभर पांढरं कापड आणि जमिनीवर फाडलेली वर्तमानपत्रं. ते पुन्हा टांगता येण्यासारखं काम नव्हतं. उतरवलं आणि संपलं. ‘ग्रुप १८९०’ या कलावंतांच्या गटाने तर सगळ्या आयुष्यात एकच प्रदर्शन केलं, १९६३मध्ये दिल्लीच्या रवींद्र भवनात. उद्घाटन नेहरूंनी केलं, कॅटलॉगची प्रस्तावना मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी लिहिली. तो गट समजून घ्यायला निघालेला प्रत्येक जण त्या पातळशा कॅटलॉगपाशी येतो. चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९७२च्या आपल्या कॅटलॉगमध्ये स्वतःचे फोटो घातले, कुठे जेम्स बाँड होऊन, कुठे टूथपेस्टच्या जाहिरातीतला माणूस होऊन. तो कॅटलॉग स्वतःच एक कलाकृती ठरला. माझ्याकडे तो नाही, मी त्याची चित्रं पाहिली आहेत, आणि एखाद्या जुन्या गठ्ठ्यात तो निघावा असं मला अजून वाटतं.

याच्याही पुढची गोष्ट ॲमस्टरडॅममधली. १९६९च्या डिसेंबरमध्ये रॉबर्ट बॅरी या कलावंताने ‘आर्ट अँड प्रोजेक्ट’ या गॅलरीत प्रदर्शन केलं. गॅलरीच्या छापील पत्रकावर मजकूर एवढाच, की प्रदर्शनाच्या काळात गॅलरी बंद राहील. आत पाहायला काही नव्हतंच, टपालाने गेलेलं पत्रक हेच प्रदर्शन. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९३मध्ये फ्रँकलिन फर्नेस या संस्थेचा कलावंतांच्या पुस्तकांचा संग्रह आपल्याकडे घेतला. तिथे असे कागद आता ग्रंथपालांच्या हाती आहेत, तापमान सांभाळलेल्या खोल्यांत. आपल्याकडचे कागद लोकांच्या माळ्यांवर आहेत.

अशाच एका माळ्यावरून संग्रहातला सगळ्यात मोठा भाग आला. सांताक्रूझजवळ कलिन्याला राहणारे एक चित्रकला शिक्षक वारले. त्यांच्या मुलीला कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी गेले तेव्हा दोन ट्रंका बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. ती म्हणाली, “बाबांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. आता तुम्हीच बघा, ताई. यातलं काय ठेवायचं ते आम्हाला कळत नाही.” वरच्या ट्रंकेत फोल्डर वर्षावार, सुतळीने बांधलेले. प्रत्येक प्रदर्शन पाहून आल्यावर सरांनी मागच्या पानावर बारीक पेन्सिलीने लिहिलेलं. एकावर: ‘निळा फार पुढे येतो. रेषा उत्तम.’ एकावर फक्त किमती. एकावर: ‘पावसामुळे कुणी नाही. चित्रकाराशी तासभर बोललो.’ वर्तमानपत्रात परीक्षण येण्याइतकी ती मंडळी मोठी नव्हती. त्या चित्रांकडे कुणीतरी नीट पाहिलं होतं, त्याची नोंद त्या पेन्सिलीच्या ओळींतच आहे.

खालची ट्रंक उघडली तेव्हा आत कागद नव्हते, एक सलग ठोकळा होता. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी तळमजल्यावरच्या त्या घरात पाणी शिरलं होतं. आर्ट पेपरवर जो गुळगुळीत थर असतो तो ओला झाला की सुटतो आणि वाळताना शेजारच्या पानाला कायमचा चिकटतो. साधा कागद भिजला तरी सुटा होतो, आर्ट पेपर होत नाही. सुटण्यासारखे निघाले ते कडेचे, खडबडीत कागदावर छापलेले: साठच्या दशकातले, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेले, एकरंगी ब्लॉकचे. बोट फिरवलं तर अक्षरांची खोली अजून लागते. चारी रंगांत छापलेली पुढची सगळी वर्षं त्या ठोकळ्यात गेली. तो ठोकळाही मी आणला आहे. कडांवर रंगांच्या रेघा दिसतात, तेवढ्यावरून एखादं फोल्डर ओळखू येतं का ते पाहते आहे.

त्यावरून एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण दर पावसाळ्यात कुणाच्या तरी घरात हे होतं. आर्ट पेपर भिजला तर तो वाळू द्यायचा नाही. ओला असतानाच एकेक पान अलगद सोडवायचं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर सुटं पसरायचं. गठ्ठा मोठा असेल आणि लगेच हात लावणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवायचा. गोठलेला असेपर्यंत तो चिकटत नाही, मग सवडीने थोडा थोडा काढून सोडवता येतो.

साठवणीचं बाकी काम रोजचं आहे. पिना आणि टाचण्या आधी काढायच्या, मुंबईच्या हवेत त्या गंजतात आणि तपकिरी डाग खोलवर जातो. रबरबँड वितळून कागदाला चिकटतो, सेलोटेप पिवळी पडते. वास येणारे, हाताला चिकट लागणारे प्लॅस्टिकचे फोल्डर पीव्हीसीचे असतात, त्यांना छपाईची शाई उचलून घेण्याची खोड असते. पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे घ्यावेत, थोडे महाग पडतात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली. स्वयंपाकाला न वापरायची एक जुनी कढई त्यासाठीच ठेवली आहे, तिच्यात मंद आचेवर ते पुन्हा निळे होतात. कसर सगळ्यात आधी जिथे खळ असते तिथे लागते, म्हणजे पाकिटाच्या चिकट कडेला आणि पुठ्ठ्याला. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सगळी खोकी उघडून कागद पंख्याखाली हवेशीर ठेवायचे. उन्हात नाही, रंग उडतात. म्युझियमची तिकिटं आता थर्मल कागदावर येतात, वर्ष-दोन वर्षांत कोरी होतात. घरी आल्या आल्या स्कॅन. स्कॅन दोन्ही बाजूंचा, मागची बाजू कोरी असली तरी.

छापलेली प्रत्येक तारीख खरी ठरतेच असं नाही. चित्रकार मेहली गोभाई यांचं मोठं प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतल्या दालनात मार्च २०२०मध्ये लागलं आणि काही दिवसांतच महामारीमुळे सगळं बंद झालं. कोची-मुझिरिस बिएनाले या केरळातल्या मोठ्या कलाप्रदर्शनाची पाचवी खेप १२ डिसेंबर २०२२ला उघडणार होती, ऐन वेळी ती २३ डिसेंबरवर गेली. मी नोंदीत दोन रकाने ठेवले आहेत, छापलेली तारीख आणि प्रत्यक्षातली तारीख. दुसरा रकाना वर्तमानपत्रांवरून आणि लोकांना विचारून भरते.

काही माणसं या कागदांत पुन्हा पुन्हा भेटतात, आणि मला त्याचा फार आनंद होतो. सरांच्या वरच्या ट्रंकेत ‘प्लेस फॉर पीपल’चा कॅटलॉग निघाला. १९८१चं हे प्रदर्शन जहांगीरमध्ये आणि दिल्लीत झालं होतं. सहा चित्रकार, त्यांत नलिनी मलानी होत्या आणि ठाण्याचे सुधीर पटवर्धनही, तेव्हा दिवसभर रेडिओलॉजिस्टचं काम करून चित्रं काढणारे. पटवर्धनांचं सिंहावलोकनी प्रदर्शन नोव्हेंबर २०१९मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात लागलं, त्याचे कागद माझे मीच गोळा केलेले. दोन्ही एका खोक्यात ठेवले आहेत. गायतोंडेंचं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातलं प्रदर्शन २०१४मध्ये सुरू झालं तेव्हा न्यू जर्सीतल्या भाच्याला कळवलं, मिळेल तो कागद ठेव. नागपूरला जन्मलेल्या, गिरगावात वाढलेल्या चित्रकारासाठी त्या गोल इमारतीत गर्दी होते आणि तिथलं तिकीट आपल्या घरात येतं, हे मला अजून नवल वाटतं.

ज्यांची मला खरी चिंता आहे त्या मराठीतल्या पत्रिका. पुण्याचं बालगंधर्व कलादालन, सुदर्शन कलादालन, कोल्हापूरचं शाहू स्मारक, राज्य कला प्रदर्शन, गावोगावची चित्रकला महाविद्यालयं. ‘यांच्या शुभहस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’, ‘आपण अगत्य यावे’, खाली निमंत्रकांची नावं. मोठ्या गॅलऱ्यांचे इंग्रजी कागद कुणी ना कुणी जपतं. कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम यांचा कागदपत्रांचा संग्रह हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हने स्कॅन करून सर्वांना खुला केला, त्याचा मला रोज उपयोग होतो. पण कोल्हापुरात तीन दिवस लागलेल्या प्रदर्शनाची घडीपत्रिका तिथे असणार नाही. त्या चित्रकाराने पुढे चित्रं काढणं सोडलं असेल, शाळेत नोकरी धरली असेल, आणि त्या तीन दिवसांचा दुसरा कागद जगात नसेल.

आता तर कागदच कमी होतोय. दाराशी क्यूआर कोडचा फलक असतो, मोबाइल धरला की यादी उघडते, आणि प्रदर्शन संपलं की काही महिन्यांत तोच दुवा काहीच दाखवत नाही. खर्च वाचतो, झाडं वाचतात, हे मला पटतं. म्हणून मी दालनातल्या लोकांना एवढंच म्हणते, की उद्घाटनाच्या दिवशी दहा प्रती तरी छापा. काही जण छापतात. जे छापत नाहीत त्यांची पानं मी प्रदर्शन चालू असतानाच उतरवून घेऊन घरी छापते आणि खाली लिहिते, ‘मूळ कागद नाही, मोबाइलवरच्या यादीची छापील प्रत’, आणि तारीख.

तुमच्या घरी आजोबांच्या, मावशीच्या, शाळेतल्या सरांच्या कपाटात अशा पत्रिका असतील तर निवड करत बसू नका, अमुक चित्रकार कुणाला माहीत नाही म्हणून बाजूला काढू नका. पिना काढा, पाकिटं पत्रिकांसोबतच ठेवा, सुतळीने जसे बांधलेत त्याच क्रमाने राहू द्या, कारण बांधणाऱ्याने तो क्रम काहीतरी विचार करून लावलेला असतो. जमिनीपासून उंच ठेवा. आणि मृगाच्या आत, दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलवर का होईना, काढून घ्या.